पाली नागरीत आणणारे धर्मानंद

दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, त्यांत बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या शेजारी ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक हमखास दिसते. लेखकाचे नाव धर्मानंद कोसंबी. आपली माणसे ते विकत घेतात, वाचतात, घरच्या कपाटात जपून ठेवतात. पण हा माणूस कोण होता, कुठून आला, त्याने हे ज्ञान कोणत्या किमतीला मिळवले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. जन्माने सारस्वत ब्राह्मण, राजकारणाने गांधीजींच्या जवळचा. मग आंबेडकरी माणसाने त्याच्याविषयी दोन शब्द का वाचावेत? आम्ही म्हणतो, अवश्य वाचावेत. कारण ज्ञान कोणाच्या मालकीचे, ते कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत ठेवायचे, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे आणि कोसंबींचे सारे आयुष्य त्याच प्रश्नाशी झगडण्यात गेले.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरी नारळाची बागायत, पण परिस्थिती बेताची. शाळेचे शिक्षण नावापुरतेच झाले. पंधराव्या वर्षी लग्न झाले. बागायत सांभाळायची, देणी फेडायची आणि मरायचे, एवढेच आयुष्य समोर दिसत होते. अशात ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. त्या चार पानांनी त्यांचे आयुष्य बदलले. हा बुद्ध कोण, त्याने नेमके काय सांगितले, ते मूळ शब्दांत कुठे वाचायला मिळेल, हाच ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस, पत्नी बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी माणिक यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. बाळाबाईंनी त्या काळात जे सोसले, त्याचा हिशेब कोणत्याही ग्रंथसूचीत मिळत नाही. त्यागी पुरुषाचे चरित्र लिहिताना मागे राहिलेल्या स्त्रीला विसरण्याची आपल्याकडे रीतच आहे. आम्हाला ती रीत पाळायची नाही.

कोसंबी प्रथम पुण्याला आले आणि डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. बुद्ध समजून घ्यायचा तर आधी संस्कृत पाहिजे, असे सर्वांचेच मत पडले. म्हणून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण शिकायचे. पायात धड वहाण नाही, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, अशा हालात त्यांनी ‘सिद्धान्तकौमुदी’चा अभ्यास केला. त्यांच्या चिकाटीला आम्ही सलाम करतो.

पण इथेच थांबून एक गोष्ट पाहिली पाहिजे. कोसंबी काशीला संस्कृत शिकत होते ते साल १९०० आणि त्यापुढचे. त्याच दशकात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी होता. त्यालाही संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकवणार नाही म्हणून त्याला नकार मिळाला आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. एकाकडे शाळेचा दाखलाही नव्हता, खिशात पैसा नव्हता, तरी जातीच्या बळावर काशीचे शास्त्री त्याला शिकवत होते आणि अन्नछत्र फुकट जेवू घालत होते. दुसऱ्याकडे बुद्धी होती, जिद्द होती, शाळेत रीतसर नाव होते, तरी वर्गाचे दार बंद. दोघेही गरीब. फरक फक्त जातीचा. संस्कृत ही देवभाषा आहे की नाही हा वाद पंडितांनी घालावा. ती पहारा बसवलेली भाषा होती, हे मात्र आपल्या घरचे दुःख आहे. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या कष्टाने संस्कृतचा अभ्यास केला आणि त्याच ग्रंथांची उलटतपासणी घेतली, हा इतिहास आपल्याला ठाऊकच आहे.

काशीत कोसंबींना व्याकरण मिळाले, बुद्ध मिळाला नाही. बुद्ध मिळेल या आशेने ते नेपाळला गेले, तिथेही निराशा झाली. बुद्धगयेला गेले. ज्या भूमीत तथागतांना संबोधी प्राप्त झाली, त्या भूमीत त्यांची वाणी शिकवणारा कुणी उरला नव्हता. धम्माला या देशातून कसे हुसकावले गेले, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? गोव्यातला एक तरुण बुद्धवचन शोधत अर्धा भारत पायाखाली घालतो आणि शेवटी त्याला समुद्र ओलांडून सिंहलद्वीपाला जावे लागते!

१९०२ मध्ये ते कोलंबोला पोहोचले. तिथे हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेले विद्योदय परिवेण होते. त्यांच्या हाताखाली कोसंबींनी पालीचा श्रीगणेशा केला. नवी भाषा, नवी लिपी, न मानवणारे अन्न, तरी त्यांनी चीवर धारण केले आणि त्रिपिटकाच्या अभ्यासात स्वतःला गाडून घेतले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानमार्गाचा अनुभव घेतला आणि ब्रह्मी लिपीतले ग्रंथ वाचले.

या प्रवासात त्यांना एक गोष्ट स्वच्छ दिसली. सिंहलद्वीपात त्रिपिटक सिंहली लिपीत होते. ब्रह्मदेशात मिंडोन राजाने मंडाले येथे ते ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतले होते, पण ब्रह्मी लिपीत. सयामच्या राजाने १८९३ मध्ये ३९ खंडांत ते छापले, पण सयामी लिपीत. लंडनमध्ये १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी काढली आणि ग्रंथ रोमन लिपीत छापायला सुरुवात केली. नागरीत मात्र संपूर्ण त्रिपिटक नव्हते. म्हणजे बुद्ध ज्या मातीत जन्मला, हिंडला, बोलला, त्या मातीतल्या माणसाला त्याचे शब्द वाचायचे तर आधी परक्या लिपीची पायरी चढावी लागणार. ही दरी बुजवणे हेच पुढे त्यांचे जीवितकार्य झाले.

विनयपिटकातील एक प्रसंग इथे आठवतो. यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भाऊ, जन्माने ब्राह्मण, भिक्खू झाले होते. निरनिराळ्या जातीकुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलतात आणि ते बिघडवतात, म्हणून ते छंदस् भाषेत बांधून टाकावे, अशी परवानगी त्यांनी मागितली. तथागतांनी त्यांना झिडकारले आणि तसे करण्यास मनाई केली. भाषाशास्त्राचे पंडित या प्रसंगावर आजही खल करतात. आपल्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे : धम्म लोकांच्या भाषेत राहिला पाहिजे, त्यावर पंडितांचे कुलूप पडता कामा नये. अडीच हजार वर्षांनंतर ब्राह्मण घरातल्याच एका माणसाने यमेळु-तेकुलांच्या नेमके उलट काम केले, हे कोसंबींचे खरे मोठेपण होय.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यात आले. चीवर उतरवून अध्यापनाला लागले. नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. तेवढ्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना सांगून पाठवले की, महाराष्ट्रात कुठेही राहून काम करा, दरमहा ५० रुपये देऊ, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कलकत्त्यात त्याहून अधिक पगार मिळत होता. कोसंबींनी तो सोडला आणि ५० रुपये पत्करले. आपल्या भाषेच्या लोकांसाठी काम करायचे हे त्यांचे पक्के ठरलेले होते. ज्या सयाजीरावांनी भीमरावांना अमेरिकेत शिकायला पाठवले, त्याच सयाजीरावांनी मराठीत बुद्ध यावा म्हणून हे मानधन दिले. बडोद्यातील व्याख्यानांतून १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक झाले. पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ अशी एकामागून एक पुस्तके आली. साधी मराठी, छोटी वाक्ये, संस्कृतचा बडेजाव नाही.

१९१० मध्येच हार्वर्ड विद्यापीठातील प्रा. जेम्स वूड्स यांनी त्यांना अमेरिकेला बोलावले. बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाचव्या शतकातील महाग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने संपादनासाठी घेतला होता, पण १८९९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करायला पाली मुरलेला माणूस हवा होता. जो शाळा पुरी करू शकला नाही, तो हार्वर्डमध्ये जाऊन बसला. परंतु तेथील मुख्य प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचे खटके उडाले. काम कोसंबींचे आणि श्रेयाची वेळ आली की नाव मागे, हे त्यांना मान्य झाले नाही. १९१२ मध्ये काम तसेच ठेवून ते परतले. श्रमणाऱ्याचे श्रम घ्यायचे आणि नाव दुसऱ्याचे लावायचे, ही चाल केवळ आपल्या देशातली नाही, साहेबाच्या विद्यापीठातही ती होती. पुढे कोसंबी पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले, लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२७ मध्ये ग्रंथ तयार झाला. प्रत्यक्ष छापून बाहेर पडला तो १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर. परंतु त्यांनी वाट पाहिली नव्हती. १९४० मध्येच भारतीय विद्या भवनातर्फे त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ नागरी लिपीत प्रसिद्ध केला होता. हार्वर्डच्या रोमन आवृत्तीआधी दहा वर्षे तो ग्रंथ इथल्या माणसाच्या हाती नागरीत आला.

या अभ्यासातील त्यांचा एक निष्कर्ष आमच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा. बुद्धघोष हे बुद्धगयेजवळचे वेदपारंगत ब्राह्मण होते, अशी परंपरेची कथा आहे. कोसंबींनी बुद्धघोषांचे ग्रंथच साक्षीला काढले. वेदांविषयी लिहिताना बुद्धघोष चुकतात, ब्राह्मणी परंपरेच्या साध्या गोष्टी त्यांना माहीत नाहीत, उलट शेतकऱ्याच्या जगण्याविषयी त्यांना आपुलकी आहे. यावरून ते ब्राह्मण नव्हते, दक्षिणेतील तेलुगू मुलखातील शेतकरी कुळातले असावेत, असे मत कोसंबींनी मांडले. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत आणि असायला हरकत नाही. पण कोणी मोठा माणूस दिसला की त्याच्या गळ्यात जानवे अडकवायचे, ही जी खोड आपल्या देशाला लागली आहे, ती ब्राह्मण घरात जन्मलेल्या अभ्यासकाने पुराव्यानिशी मोडून दाखवली. अभ्यासाची प्रामाणिकता यालाच म्हणतात.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पाली विषयाला जागा मिळाली त्यामागे त्यांची आणि भांडारकरांची खटपट होती. पु. वि. बापट यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडवले. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली त्या वेळी, म्हणजे १९५६ मध्ये, भारत सरकारने जो स्मरणग्रंथ काढला, त्याचे संपादक हेच बापट. त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. आणि त्याच वर्षापासून १९६१ पर्यंत भिक्खू जगदीश काश्यपांनी नालंदा येथून संपूर्ण पाली त्रिपिटक नागरीत ४१ खंडांत काढले. कोसंबींनी ज्याचा ध्यास घेतला होता ते त्यांच्या पश्चात पुरे झाले.

आता त्यांच्या राजकारणाविषयी बोलू. ते गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात होते. १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन आले, समाजवादाची ओढ होती. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि तुरुंगात गेले. आम्ही ते नाकारत नाही आणि झाकतही नाही. पण त्याच १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आपली माणसे बसली होती, दगड झेलत होती. बुद्धाचा एवढा मोठा अभ्यासक शिरोड्याच्या मिठागरापर्यंत गेला, काळारामाच्या दारापर्यंत आला नाही, ही खंत नोंदवलीच पाहिजे. १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली. त्यानंतर १९३७ मध्ये कोसंबींनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. पैसा बिर्लांचा होता. दात्याचा हेतू काय असेल याचा विचार वाचकांनी करावा. पण जागा पाहा : गिरणगाव. नाव पाहा : बहुजन विहार. पंडितांच्या पेठेत आश्रम काढायचा सोडून हा माणूस कामगारांच्या चाळींत आला, हेही तितकेच खरे.

आणि त्यांची लेखणी कुणाच्या पैशाने वाकली नाही. १९३५ च्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात त्यांनी वैदिक, श्रमण आणि पौराणिक संस्कृतींची झाडाझडती घेतली. श्रमण परंपरा ही वेदांची शाखा नव्हे, तिचे मूळ वेगळे, हे त्यांनी ठासून मांडले. भगवद्गीता फार प्राचीन नसून गुप्त राजा बालादित्याच्या काळातील आहे, असे त्यांचे मत होते. बाबासाहेबांनी गीतेवरील आपल्या निबंधात कोसंबींच्या या मताची नोंद घेतली आहे. हा निबंध महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखनाच्या तिसऱ्या खंडात आहे. जिज्ञासूंनी तो जरूर पाहावा.

१९४०-४१ मध्ये दोन भागांत ‘भगवान बुद्ध’ बाहेर आले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र एका रात्रीत घर सोडून गेला, ही कथा कोसंबींनी नाकारली. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे त्यांनी दाखवले की, शस्त्रे उगारलेल्या, एकमेकांवर तुटून पडणाऱ्या समाजाचे दर्शन हे गृहत्यागामागचे कारण होते. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी त्याच्याशी जोडला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही जुनी कथा बाजूला सारली आहे आणि शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या भांडणातून सिद्धार्थाचा गृहत्याग मांडला आहे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचा. कोसंबींनी पुरावा काढला. बाबासाहेबांनी त्या प्रसंगातून एक राजकीय आणि नैतिक पुरुष उभा केला, जो युद्धाच्या बाजूने मत द्यायला नकार देतो आणि त्याची शिक्षा हसतमुखाने घेतो. अभ्यासकाच्या हातचे बी चळवळीच्या रानात पडले की त्याचा वृक्ष कसा होतो, हे इथे दिसते. महाडच्या पाण्यासाठी रक्त सांडलेल्या समाजाला रोहिणीच्या पाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शेवटच्या काळात कोसंबी आजाराने जर्जर झाले होते. शरीर काम करीत नाही, तर ते टिकवायचे कशाला, या विचाराने पार्श्वनाथांच्या मार्गाने अन्नत्याग करून देह सोडायचा त्यांनी १९४६ मध्ये निश्चय केला. गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. अखेर ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. देहदंडाचा हा मार्ग आम्हाला पटत नाही, तथागतांचा मध्यम मार्ग तो नव्हे. कोसंबींशी असहमत होण्याचा हक्क त्यांनीच आपल्याला शिकवला आहे. पुरावा पाहा, मग माना, हीच त्यांची शिकवण होती.

आज परिस्थिती काय आहे? इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथांसह सारे पाली साहित्य नागरीत उपलब्ध करून दिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दुसरीकडे २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पाली हा वैकल्पिक विषय काढून टाकण्यात आला. एका हाताने मान द्यायचा आणि दुसऱ्या हाताने पोटाची वाट बंद करायची, हा खेळ आपण ओळखला पाहिजे. पण सगळा दोष सरकारला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. कोसंबींना एक सुत्त वाचण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला विहाराचा उंबरठा ओलांडणे पुरे आहे. तरी किती विहारांत पाली शिकवली जाते? त्रिशरण आणि पंचशील आपल्या मुलांना पाठ आहे, ही आनंदाची गोष्ट. पण अर्थ न कळता केलेले पठण आणि पुरोहिताचे मंत्र यांत मग फरक काय उरला?

आमची समाजबांधवांना, विशेषतः विहार समित्यांना, हात जोडून विनंती आहे. रविवारचा एक तास पालीसाठी ठेवा. मोठी इमारत नको, निधी नको. एक फळा, एक खडू आणि पाली येणारा एक शिक्षक किंवा शिकलेली मुलगी एवढे पुरे. धम्मपदाची एक गाथा घ्या, तिचे शब्द सुटे करा, मराठीशी ताडून पाहा. आपली भाषा पालीच्या किती जवळची आहे हे मुलांना कळले की त्यांची भीती जाईल. ज्या ज्ञानाच्या दारावर शतकानुशतके पहारा होता, ते दार आता उघडे आहे. आत जायचे की बाहेरूनच हात जोडून परतायचे, हे आपल्या हाती आहे.